आपल्या वाट्याची खतपत्रे

गेल्या वर्षी ज्येष्ठ वद्य एकादशीला आमच्या कवठे महांकाळात रात्रीचे भजन आटोपले. पसायदान झाले, टाळ पिशवीत गेले, वीणा खुंटीवर लागली. मंडळी पांगली तरी एक गृहस्थ पायरीवर थांबून होते. माळकरी, द्राक्षबागवाले, आषाढीला न चुकता पायी जाणारे. मी चपला घालत होतो तसे जवळ आले आणि म्हणाले, "गुरुजी, पोराला जरा सांगा की. तुमचं ऐकतंय ते."

त्यांचा मुलगा आमच्या मंडळाचा पखवाजी. आठव्या वर्षापासून मृदंगावर बसतो. बारावी शास्त्र शाखेतून बऱ्या गुणांनी पास झाला होता. वडिलांच्या मनात अभियांत्रिकी होती, मुलाच्या मनात मृदंग. गुरूंकडे राहून काही वर्षे दुसरे काही न करता शिकायचे, आणि पुढे त्यावरच जगायचे, असे त्याने घरात सांगितले होते. घरात तीन दिवस कोणी कोणाशी नीट बोलले नव्हते.

वडिलांचे म्हणणे खोटे नव्हते. म्हैसाळ योजनेने कृष्णेचे पाणी आमच्या दुष्काळी रानापर्यंत आणले, बागा उभ्या राहिल्या, बेदाण्याची शेड उभी राहिली. पण त्या सगळ्याखाली सोसायटीचे आणि बँकेचे कर्जही उभे आहे. फुलोऱ्यात एक अवकाळी पाऊस आला की वर्ष गेले. थोरल्या मुलीचे लग्न नुकतेच झाले होते. ते म्हणाले, "मी मृदंगाला नको म्हणत नाही. माळ गळ्यात हाय माझ्या. पण मृदंगावर चूल पेटती का?"

मुलाचेही म्हणणे खोटे नव्हते. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, आता कुठं हात बसायला लागलाय. चार वर्षं सोडलं तर परत बसायचा नाही."

मला लगेच उत्तर देता आले नाही. त्याला कारण आहे, ते आधी सांगतो.

तीसेक वर्षांपूर्वी असाच एक मुलगा माझ्या वर्गात होता. गळा असा की काकड्याला त्याने पहिला सूर लावला की झोपेतली माणसे उठून बसत. त्याला गाणे शिकायचे होते. त्याचे वडील असेच माझ्याकडे आले होते. मी त्या मुलाला अर्धा तास समजावले, आधी पोटाचे बघ, गाणे कुठे पळून जात नाही म्हणून. त्याने ऐकले. आज तो चांगल्या नोकरीत आहे, घर बांधले आहे, मुले शिकली आहेत. माझा सल्ला जगाच्या हिशेबाने बरोबर ठरला. पण तो भजनाला येत नाही. एकदा बाजारात भेटला तेव्हा मी विचारले, तर हसून म्हणाला, "गुरुजी, ऐकवत नाही." गाणे पळून जात नाही हे मी त्याला कशाच्या जोरावर सांगितले होते, याचे उत्तर माझ्यापाशी आजही नाही.

म्हणून या वेळी मी दोघांनाही आठ दिवस मागून घेतले.

आपल्या सांप्रदायात या प्रश्नाला एक सोपे उत्तर आहे आणि ते चटकन तोंडावर येते. संतांनी कोणी धंदा सोडला का? नामदेवरायांच्या घरी शिंप्याचा व्यवसाय, गोरोबाकाका मडकी घडवीत, सावतोबा अरणात मळा राखीत, नरहरी सोनारी करीत, सेनामहाराज नाभिकाचे काम करीत. पोटासाठी धंदा आणि मुखात नाम, असा हा मार्ग. तेव्हा पोराने अभियंता व्हावे आणि एकादशीला मृदंग वाजवावा, झाले.

उत्तर सोपे आहे, पण त्यात एक खोट राहते. संतांनी नामाला धंदा केले नाही हे खरे. परंतु मृदंग वाजवणे आणि नाम घेणे या दोन गोष्टी एक नव्हेत. नामाला ना शिक्षण लागते ना वेळ. ते लेकुरवाळीला जमते आणि नांगरकऱ्यालाही जमते. मृदंगाला हात लागतो, आणि हात रोजच्या तासन् तासांच्या मेहनतीने बनतो. मृदंग हे कसब आहे. गोरोबांची माती जशी कसबाची, तसेच. गोरोबांना कोणी म्हटले नाही की मडकी एकादशीपुरती घडवा आणि एरवी दुसरे काही करा. मग मृदंगाच्या कारागिरालाच आपण ते का सांगतो? धुमेला कणीक किती लावावी, शाईवर बोट कुठे पडावे, हे शिकण्यात ज्याने दहा वर्षे घातली, त्याचे कष्ट कुंभाराच्या कष्टांपेक्षा हलके कसे?

दुसरे उत्तरही आपल्या तोंडावर असते, ते पुंडलिकाचे. आईबापांची सेवा चालू असता प्रत्यक्ष देव दारी आला, तर पुंडलिकाने वीट भिरकावली आणि देवाला थांबवले. मग मृदंग थांबायला काय हरकत आहे? या उत्तरापुढे मी बराच वेळ अडलो. कारण ज्या दैवताच्या नावाने आपण सगळे चालतो, ते दैवतच मुळी आईबापांच्या सेवेपायी उभे राहिलेले आहे.

परंतु विचार करता दोन गोष्टी ध्यानात आल्या. एक, पुंडलिकाने सेवा केली. आईबापांच्या लौकिकाची हौस भागवली असे कुठे सांगितलेले नाही. आजारी बापाचे पाय चेपणे वेगळे आणि 'अमक्याचा मुलगा इंजिनिअर' हे गावात ऐकायला मिळावे म्हणून आयुष्य देणे वेगळे. दोन, देव थांबला, कारण तो देव आहे. युगे गेली तरी त्याचे पाय दुखत नाहीत. माणसाचा गळा आणि माणसाचा हात तसा थांबत नाही. मुलगा म्हणाला त्यात तथ्य होते.

मग निवाडा कशाने करावा? मला वाट दिसली ती तुकोबारायांच्या चरित्रात, आणि तीही आपण सहसा घाईने ओलांडून जातो अशा जागी.

तुकोबांचे घराणे देहूचे महाजन. वाण्याचा व्यापार, सावकारी, शेती, सगळे होते. आजच्या भाषेत म्हणायचे तर स्थिर घर. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाने ते स्थिर घर मोडले. दिवाळे निघाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे वैराग्य आले आणि सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली, ही कथा सर्वांच्या तोंडी आहे. परंतु परंपरा तिच्या मागे आणखी एक गोष्ट सांगते. सगळी खते बुडवली नाहीत. आधी धाकटे बंधू कान्होबा यांच्याशी वाटणी झाली. कान्होबांचा अर्धा वाटा त्यांच्या हाती दिला, आणि मग स्वतःच्या वाट्याची तेवढी खते डोहात सोडली.

वैराग्याच्या भरातही तुकोबांनी वाटणी केली. आपला वाटा आपला, तो सोडण्याचा अधिकार आपला. भावाचा वाटा भावाचा, तो आपल्या वैराग्यात बुडवण्याचा अधिकार आपला नाही. मला वाटते, कोणतीही मोठी उडी घेणाऱ्याने, मग ती परमार्थाची असो की सुरांची, आधी एवढे करावे. बुडवायचे ते आपल्या वाट्याचे आहे ना, हे पाहावे.

हीच गोष्ट उलट बाजूनेही लावून पाहा. बापाचे कर्ज हा बापाचा व्यवहार आहे, त्यात मुलाचाही काही भाग येतो. पण मुलाचे चाळीस-पन्नास वर्षांचे आयुष्य हा मुलाचा वाटा आहे. आपली भीती शमावी म्हणून तो वाटा डोहात सोडण्याचा अधिकार बापाला कोणी दिला? मुलाला वाचवतो आहोत अशी समजूत करून घेऊन आपण कित्येकदा दुसऱ्याच्या वाट्याची खते बुडवतो. मी स्वतः एकदा बुडवली आहेत.

येथे कोणी विचारील की, आपला म्हटलेला वाटा तरी पुरता आपला असतो का? प्रश्न योग्य आहे. तुकोबा डोंगरावर चिंतनात बसत तेव्हा भाकरी घेऊन चढण चढत होती ती जिजाई. तिच्या पायात काटा रुतला आणि तो विठ्ठलाने काढला, ही कथा आपण कौतुकाने सांगतो. पण काटा रुतला तो जिजाईच्या पायात, हे आपण विसरतो. आपण वाटणी कितीही चोख केली तरी काटा कोणाच्या तरी पायात जातोच. तो कोणाच्या पायात जाणार आहे हे निवडणाऱ्याला ठाऊक असावे, आणि ज्याच्या पायात जाणार त्याला आधी विचारलेले असावे. एवढेच माणसाच्या हाती आहे.

आठ दिवसांनी मंडळाच्या वीणेची घोडी बसवून आणायला मिरजेला जायचे होते. मुलाला बरोबर घेतले.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत पिढ्यान् पिढ्या तंबोरे, सतारी, वीणा घडतात. या तंबोऱ्यांना आणि सतारींना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथे जे भोपळे लागतात ते पंढरपूर-मंगळवेढ्याच्या रानात पिकतात. म्हणजे पंढरीकडचा भोपळा मिरजेत येऊन सुराचे घर होतो. पण तो आला आणि वाजू लागला असे होत नाही. तो कित्येक महिने वाळवावा लागतो. घाईने घेतलेला भोपळा पुढे दगा देतो. मुलगा एका कारागिराचे काम बराच वेळ न्याहाळत उभा होता. या गल्लीत नाव कमावलेली मोजकी घरे आहेत, पण नाव न होता नुसते काम चोख करून प्रपंच चालवलेली माणसे त्याहून कितीतरी जास्त. संगीतावर जगणे म्हणजे सभा गाजवणे एवढेच नव्हे, हे मला त्याला दाखवायचे होते, आणि ते सांगावे लागले नाही.

परतीच्या वाटेवर मी त्याला याच मातीतल्या दोन माणसांविषयी सांगितले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर १८४९ साली जन्मले. गाण्याच्या ओढीने ते घर सोडून पार ग्वाल्हेरपर्यंत गेले, वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे गुरुगृही राहून शिकले, आणि ती ख्यालगायकी त्यांनी महाराष्ट्रात आणली. मिरजेला त्यांच्याकडे एक मुलगा शिकायला आला. कुरुंदवाडच्या कीर्तनकाराचा मुलगा. लहानपणी दारूकामाने डोळ्यांना इजा झाली, शाळेचे शिक्षण अवघड झाले, म्हणून गाण्याकडे वळवलेला. तेच पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. ज्याला आपण आज 'स्थिर शिक्षण' म्हणतो ते दार बंद झाले म्हणून ते सुराच्या दारी आले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले, गाण्याला अभ्यासक्रम दिला, परीक्षा दिल्या, गवयाला समाजात मान दिला. तोवर गवई हा संस्थानिकाच्या मर्जीवर जगणारा माणूस होता. आज खेड्यातला मुलगा तबल्याची किंवा पखवाजाची परीक्षा देतो त्याच्या मुळाशी या माणसाचे कष्ट आहेत.

पण मी त्याला दुसरी बाजूही सांगितली. याच विष्णु दिगंबरांच्या मुंबईच्या विद्यालयाची वास्तू कर्जापायी गेली. बाळकृष्णबुवांची वर्षानुवर्षांची पायपीट आणि हाल आपण आज अभिमानाने सांगतो, ते ज्याने सोसले त्याला तेव्हा पुढचे काही ठाऊक नव्हते. पंडित भीमसेन जोशी १९३३ साली अकराव्या वर्षी घरातून निघून गेले आणि पुढे त्यांच्या संतवाणीने घराघरांत अभंग नेले, हे सगळे सांगतात. परंतु तसेच घरातून निघून गेलेले आणि कुठेच न पोचलेले किती असतील, त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. पोचलेल्यांची नावे मोजून वाटेचा अंदाज बांधू नये. आणि भीमसेनांच्या कथेत शोध घेत फिरणारे शिक्षक वडीलही आहेत, त्यांनाही विसरू नये.

मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे नको म्हणताय?"

मी म्हणालो, "नाही. तुझी एप्रिल छाटणी आहे एवढंच म्हणतोय."

द्राक्षबागेच्या घरातल्या पोराला याहून अधिक सांगावे लागत नाही. एप्रिलच्या छाटणीला फळ नसते. तेव्हा काडी तयार होते, आणि त्या काडीवर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड येतात. एप्रिलला जो घडांची वाट पाहतो तो बाग मोडतो. चार-पाच वर्षे फळाविना काडी पोसायची तयारी असेल, आणि त्या वर्षांचे पाणी कोणाच्या विहिरीतून येणार याचा हिशेब मांडलेला असेल, तर त्याने जरूर जावे.

येथे आणखी एक गोष्ट बोलणे भाग आहे, कारण हे आपल्या घरचे दुखणे आहे. कसबाचे मोल घेणे वेगळे आणि भक्तीचे मोल घेणे वेगळे. कीर्तनकाराने कीर्तनाच्या बदल्यात काय घेऊ नये याविषयी तुकोबांनी किती कठोरपणे बजावले आहे ते सर्व जाणतात. आज सप्ताहाच्या आधी बिदागीचा आकडा ठरतो, पाकीट हलके वाटले तर पुढच्या वर्षीची तारीख मिळत नाही, असेही कानांवर येते. पण याचा दोष ज्याच्या घरी दुसरी चूल नाही त्याच्यावर सगळा टाकून मोकळे होणेही बरे नाही. आपणच गावोगाव मंडपाला, ध्वनिक्षेपकाला, पंगतीला सढळ हाताने देतो, आणि आठ दिवस रात्र-रात्र वाजवणाऱ्या मृदंगवाल्याच्या हाती काही ठेवायची वेळ आली की, 'सेवा आहे' म्हणतो. सेवा आहे हे त्याने म्हणायचे असते, आपण नव्हे.

म्हणूनच कै. सोनोपंत दांडेकरांचे उदाहरण मला मोलाचे वाटते. जोग महाराजांचे शिष्य, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य, आणि त्याच वेळी कीर्तनकार, वारकरी, ज्ञानेश्वरीचे संपादक. पोटाची व्यवस्था विद्यापीठाच्या ज्ञानाने केली आणि कीर्तन मोकळे ठेवले. ज्याला हे साधते त्याने असे करावे, त्यात कमीपणा नाही. त्याच जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तेथे वर्षे काढून, माधुकरी मागून शिकलेल्यांनी पुढे सारे आयुष्य सांप्रदायाला दिले. तोही मार्ग खराच. एका गुरूच्या छायेत दोन्ही मार्ग राहिले, म्हणजे भांडण मार्गांचे नाही. नोकरी करणारा जर रोज मनात म्हणत राहिला की माझे गाणे बुडाले, आणि गाणारा जर रोज मनात म्हणत राहिला की माझी नोकरी बुडाली, तर दोघांचेही मन विटेवर ठरत नाही. सावतोबांना मळ्यातच पांडुरंग भेटला, कारण मळ्यात असताना ते मळ्यातच होते.

त्या रात्री बापलेक माझ्या ओसरीवर बसले. मी त्यांना सल्ला दिला नाही. वही उघडली आणि वाटणी करायला सांगितली. कोणते ओझे कोणाचे, ते ज्याने त्याने आपल्या तोंडाने बोलावे.

बराच वेळ वडील वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बागेचं कर्ज माझं. ते याच्या डोक्यावर घालत नाही. पण गुरूकडं राहायचा खर्च बागेतनं निघणार नाही, ते आजच सांगतो." मुलगा म्हणाला, "खर्च मी बघतो. सांगलीला साध्या कॉलेजात नाव घालतो, पदवी हातात ठेवतो, कुठंतरी काम धरतो आणि उरलेला सगळा वेळ मृदंगाला देतो. छाटणीला मात्र घरी येईन." आई आतून सगळे ऐकत होती. मी म्हणालो, "वहिनी, तुमचं काय?" त्या म्हणाल्या, "मला कोण इचारतंय म्हणून गप होते. चार वर्षं मी म्हशी वाढवते. पण त्यानं रातच्याला उपाशी झोपू नये." चौथ्या माणसाचा वाटा आम्ही तिघे वहीत मांडायलाच विसरलो होतो.

मुलाचे पुढे काय होईल ते मला सांगता येत नाही. एक वर्ष झाले. तो थकलेला दिसतो, बारीक झाला आहे, हात मात्र सुधारला आहे. कदाचित तो मोठा मृदंगाचार्य होईल, कदाचित चार वर्षांनी पदवीच्या जोरावर कुठे नोकरी धरील. दोहोंपैकी काहीही झाले तरी त्याने दुसऱ्याच्या वाट्याचे बुडवले नाही आणि त्याच्या वाट्याचे कोणी बुडवले नाही. या आषाढीला आमच्या दिंडीत तो वाजवीत होता आणि वडील पुढे टाळ धरून होते.

तीस वर्षांपूर्वीच्या माझ्या त्या विद्यार्थ्याला मी मध्यंतरी फोन केला. माझे चुकले, एवढे म्हणालो. तो म्हणाला, "गुरुजी, आता गळा राहिला नाही." मी म्हणालो, "टाळ तर आहे." तो अजून आलेला नाही. दर एकादशीला एक टाळजोडी मी बाजूला काढून ठेवतो. माउली, तुमच्याही गावात असा कोणी असेल, पोटासाठी सूर सोडून भजनापासूनही दूर गेलेला. त्याला एकदा बोलावून पाहा. आपल्या मंडपात बसायला गळ्याची परीक्षा द्यावी लागत नाही, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे.

रामकृष्ण हरी.